हक्क शिकणे आणि हक्क मिळवून देणे
कायद्याच्या पदवीच्या अखेरच्या सत्रांतील विषयांविषयी केलेले भाषण



आजच्या भाषणासाठी मी एक साधा विषय निवडला आहे. आपली जी मुले-मुली कायद्याच्या पदवीच्या शेवटच्या सत्रांत आहेत, ती तेथे नेमके काय शिकतात आणि त्या शिक्षणाचा आपल्या घराशी, गल्लीशी, मोहल्ल्याशी काय संबंध आहे, हे मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे. विषय कोरडा वाटेल. परंतु शेवटच्या वर्षाविषयी आपल्या घरांतून जी वाक्ये कानी पडतात त्यांवरून तो आवश्यक वाटतो. “आता काय, एकच वर्ष उरले आहे, परीक्षेपुरते जाऊन आले तरी चालेल,” असे पालक म्हणतात. “मुख्य कायदे शिकून झाले, आता नुसत्या वह्या भरावयाच्या,” असे विद्यार्थी म्हणतात. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. वकील घडतो तो त्याच एका वर्षात.

प्रथम अभ्यासक्रमाची मांडणी पाहू. पदवीनंतरचा कायद्याचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, म्हणजे सहा सत्रांचा असतो. बारावीनंतरचा पाच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा. भारतीय विधिज्ञ परिषदेने २००८ साली केलेल्या नियमांत कोणते विषय सक्तीचे हे ठरवून दिले आहे. करार, संविधान, कौटुंबिक कायदा, फौजदारी गुन्हे, मालमत्ता हे विषय बहुतेक ठिकाणी आधी येतात. दिवाणी प्रक्रिया व मुदतीचा कायदा, फौजदारी प्रक्रिया, पुराव्याचा कायदा, आणि त्यांच्या जोडीला चार व्यावहारिक विषय हे शेवटाकडे येतात. हे चार विषय म्हणजे मसुदालेखन, व्यावसायिक नीती, तंटा मिटविण्याचे पर्यायी मार्ग, आणि अभिरूप न्यायालय व उमेदवारी. विद्यापीठागणिक क्रम थोडा मागेपुढे होतो, पण साधारण चित्र हेच.

या मांडणीत एक अर्थ आहे. आधीच्या सत्रांत विद्यार्थी शिकतो की माणसाला कोणते हक्क आहेत. शेवटच्या सत्रांत तो शिकतो की ते हक्क प्रत्यक्षात हाती कसे येतात. आपल्या समाजातील माणूस न्यायालयात हरतो तो पुष्कळदा हक्क नव्हता म्हणून हरत नाही. कागद नव्हता, साक्षीदार नव्हता, तारीख उलटून गेली होती, अर्जात मुख्य गोष्ट लिहावयाचीच राहिली होती, म्हणून हरतो. आणि या चारही गोष्टी शेवटच्या वर्षाच्या विषयांत मोडतात.

मुदतीचा कायदा घ्या. तो १९६३ सालचा आहे. समजा, एकाने आपल्या मेव्हण्याला धंद्यासाठी दोन लाख रुपये उसने दिले. नात्यातला व्यवहार, म्हणून मागण्याचा संकोच. ईद येते, जाते, लग्नकार्ये होतात, चार वर्षे उलटतात. मग संबंध बिघडतात आणि तो वकिलाकडे धावतो. उसन्या पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची, आणि ती पैसे दिल्या दिवसापासून मोजावयाची. मुदत संपल्यावर दाखल झालेला दावा, समोरच्याने तोंडातून आक्षेपाचा शब्द काढला नाही तरी, न्यायालयाने काढून टाकला पाहिजे, असे याच कायद्याचे तिसरे कलम सांगते. अपिलाला झालेला उशीर योग्य कारण दाखविल्यास माफ होऊ शकतो. मूळ दाव्याला तशी माफी नाही. मात्र तीन वर्षे संपण्यापूर्वी मेव्हण्याने सहीनिशी दोन ओळींची कबुली लिहून दिली असती, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू झाली असती. दोन ओळी आणि एक सही! ज्या विद्यार्थ्याने हा विषय मन लावून वाचला, तो आपल्या मोहल्ल्यातील दहा घरांचे पैसे बुडण्यापासून वाचवू शकतो.

घरजागेच्या मालकीचेही असेच आहे. आपल्या मालकीच्या जागेवर दुसरा कोणी मालक म्हणून उघडपणे ठाण मांडून बसला, तर ताबा परत मागण्यास बारा वर्षांची मुदत आहे. वक्फच्या मिळकतींना १९९५ च्या वक्फ कायद्यातील १०७ व्या कलमाने या मुदतीतून सूट दिली होती. २०२५ च्या दुरुस्तीने ते कलम काढून टाकले. त्या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि तिच्याविषयी मते काहीही असोत. मशिदीच्या, कब्रस्तानच्या, दर्ग्याच्या जागांचे कागद सांभाळणाऱ्या विश्वस्तांनी बारा वर्षांचा हिशोब यापुढे डोळ्यांसमोर ठेवलाच पाहिजे. हे त्यांना समजावून सांगणारा आपल्यातला कोणी असावयास नको काय?

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. दावा कोठे दाखल करावयाचा, वादपत्रात काय लिहावयाचे, मनाई हुकूम केव्हा मिळतो, हुकूमनामा झाल्यावर दरखास्त कशी चालते, हे सारे तीत आहे. समन्स मिळाल्यापासून प्रतिवादीने तीस दिवसांत कैफियत द्यावयाची असते. कारण दाखविल्यास नव्वद दिवसांपर्यंत. “कोर्टाचा कागद आला आहे, बघू पुढल्या महिन्यात,” असे म्हणून तो कपाटावर ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. तो कागद वाचता येणारा एक मुलगा किंवा मुलगी घरात असणे याची किंमत अशा वेळी कळते. या संहितेवरील प्रसिद्ध ग्रंथ मुल्ला यांचा. नाव वाचून आपले विद्यार्थी हरखतात. पण सर दिनशा फर्दुनजी मुल्ला हे पारशी होते, आणि मुस्लिम कायद्यावरील त्यांचा ग्रंथही पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. विद्या ज्याने कष्ट केले त्याची, एवढाच बोध घ्यावयाचा.

आता पुराव्याचा कायदा. १८७२ चा जुना कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. कौटुंबिक कायद्याच्या तासाला विद्यार्थी शिकतो की मुस्लिम कायद्यात हिबा, म्हणजे बक्षीस, तोंडी करता येतो. देणाऱ्याने जाहीर करावे, घेणाऱ्याने स्वीकारावे आणि ताबा द्यावा, या तीन गोष्टी झाल्या की पुरे. असा हिबा लिहून ठेवला तरी केवळ तेवढ्यामुळे त्याची नोंदणी सक्तीची होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले. येथवर सगळे सोपे. पण वडील वारले, बहीण म्हणते अब्बांनी मागची खोली मला दिली होती, आणि भाऊ म्हणतो असे काही झालेच नाही, मग काय? आता प्रश्न शरीअतचा उरला नाही, पुराव्याचा झाला. जाहीर केल्याचे कोणी ऐकले? “मला अमक्याने सांगितले” ही साक्ष चालत नाही. स्वतः ऐकले, स्वतः पाहिले तो साक्षीदार हवा. ताबा कोणाचा होता? घरपट्टी कोणाच्या नावे, वीजबिल कोण भरत होते, भाडे कोणाच्या हातात जात होते? ज्या हक्काला पहिल्या वर्षी तीन ओळींचे उत्तर पुरले, तो हक्क सिद्ध करण्यास शेवटच्या वर्षाचे पुस्तक लागते. आज तर मोबाइलवरील संदेश, ध्वनिमुद्रण, छायाचित्रे हीसुद्धा पुराव्यात येतात. पण त्यांच्या छापील प्रती वा नकला द्यावयाच्या तर ठरलेल्या नमुन्यातील दाखला जोडावा लागतो. हे माहीत नसल्याने हाती असलेला पुरावा फुकट जातो.

फौजदारी प्रक्रियेचा विषय निघाला की पालक म्हणतात, “आमच्या मुलीला गुन्हेगारांचे कायदे कशाला?” बंधूंनो, जामिनाचा कायदा केवळ गुन्हेगारांसाठी नसतो. ज्याचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही, त्याच्यासाठी तो असतो. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. आधी त्यांना जामीन नाकारला गेला होता. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो ज्यांनी मंजूर केला ते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी होते. हेच ते तय्यबजी, ज्यांच्या पुढाकाराने १८७४ साली मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम उभी राहिली. खटल्यात पुढे टिळकांना शिक्षा झाली, ती गोष्ट वेगळी. पण बचावाची तयारी करावयास आरोपी मोकळा असावा, हे तत्त्व त्या एका हुकमात होते.

दुसरे उदाहरण १९७९ चे. हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांचे हाल आले. ज्या गुन्ह्यासाठी धरले त्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही अधिक काळ काही जण खटला न चालता आत होते. त्यांच्यासाठी वेळेवर अर्ज करणारे कोणी नव्हते. साठ किंवा नव्वद दिवसांत तपास संपवून आरोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो; पण तो आपोआप हातात पडत नाही, आरोपपत्र येण्यापूर्वी मागावा लागतो. ही तरतूद जुन्या १९७३ च्या संहितेत होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. तेव्हा, दिवस मोजणारा वकील हवा. पत्नी, मुले आणि वृद्ध आईबाप यांच्या पोटगीची तरतूदही याच संहितेत आहे. शहाबानो प्रकरण १९८५ साली गाजले ते याच प्रकरणातील जुन्या १२५ व्या कलमावरून. आणि घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही त्या कलमाचा आधार आहे, असे १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले. ज्यांना या निकालांशी सहमत व्हावयाचे नाही त्यांनीही ते मुळातून वाचलेले असावेत. ऐकीव माहितीवर वाद घालणे हे शिकलेल्या माणसाचे लक्षण नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमच्यासाठी एक सूचना. नव्या संहिता आल्या म्हणून जुनी पुस्तके रद्दीत घालू नका. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंडसंहिता लागू आहे. म्हणून काही वर्षे तरी दोन्ही कलमे तोंडपाठ हवीत. खुनाचे ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचे ४२० आता ३१८ च्या पोटात आहे.

आता मसुदालेखनाकडे वळू, कारण सर्वांत अधिक हेळसांड याच विषयाची होते. नियमाप्रमाणे विद्यार्थ्याने वादपत्र, कैफियत, अर्ज अशा लेखनाचे पंधरा आणि खरेदीखत, भाडेकरार, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र अशा दस्तऐवजांचे पंधरा, असे तीस मसुदे स्वतः तयार करावयाचे असतात. प्रत्यक्षात काय होते, ते तुम्ही जाणता. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याची वही येते, ती रात्रभरात उतरून काढली जाते, आणि त्यात मागच्या विद्यार्थ्याच्या चुकाही इमानाने उतरतात. अशा वहीला गुण मिळतील. पण पुढे पहिला अशील येऊन बसेल आणि म्हणेल, “वकीलसाहेब, साठेखत करून द्या,” तेव्हा हात थरथरेल. चतुःसीमा लिहिताना एक दिशा चुकली, तर दोन शेजारी वीस वर्षे भांडतात. निकाहनाम्यात मेहेरची रक्कम किती, त्यातील दिली किती आणि बाकी किती, हे स्वच्छ लिहिले नाही, तर मुलीच्या हाती पुढे केवळ आठवणी उरतात.

लिहून ठेवण्याची ही शिस्त आपल्याला परकी नाही. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि साक्षीदार घ्यावेत, याच गोष्टीविषयी आहे. ती आपण श्रद्धेने वाचतो. मात्र मेव्हण्याला दोन लाख देताना विसरतो.

भाषेचाही प्रश्न येथे येतो. उर्दू माध्यमातून आलेली मुले मला विचारतात, “मराठीत मसुदा कसा जमणार?” महाराष्ट्रात तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. सातबारा, फेरफार, पंचनामा, जबाब, सारे मराठीत. तेव्हा मराठी टाळून चालणार नाही. पण घाबरण्याचेही कारण नाही. वकील, अशील, कैफियत, दरखास्त, फिर्याद, जामीन, मुदत, हुकूम, मुखत्यार, दस्तऐवज हे मराठी न्यायालयाचे रोजचे शब्द पाहा. यांतले बहुतेक फारसी-अरबीतून आलेले आहेत. तुमच्या आजीच्या बोलण्यातही ते असतील. अर्धी भाषा तुमच्या घरात आहे. उरलेली अर्धी रोज एक निकाल, एक दस्तऐवज वाचून येईल. शिवाय जुने वक्फनामे, निकाहनामे उर्दूत असतात. ते वाचता येणे आणि त्यांचे मराठीत नेमके भाषांतर करता येणे, हे तुमचे भांडवल आहे.

तंटा मिटविण्याच्या पर्यायी मार्गांत लवाद, समेट, मध्यस्थी आणि लोकन्यायालय येतात. लवादाचा कायदा १९९६ चा, मध्यस्थीचा २०२३ चा. दाखल असलेला दिवाणी दावा लोकन्यायालयात संमतीने मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाचा विचार न करता मोफत वकील मिळतो, आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या इतरांनाही. प्रत्येक पालकाने हे वाक्य लक्षात ठेवावे. आपल्याकडे बिरादरीत बसून तंटे मिटविण्याची रीत आहे. ती वाईट नाही. पण त्या बैठकीत दुबळ्या बाजूवर, विशेषतः स्त्रीवर, दबाव येता कामा नये आणि ठरलेले कागदावर यावे, हे या विषयात शिकवतात.

व्यावसायिक नीतीचा विषय परीक्षेला सोपा आणि आयुष्यभर अवघड. १९६१ च्या वकील कायद्याखाली गैरवर्तनाबद्दल सनद काढून घेता येते. दाव्यातून जे मिळेल त्यात वाटा ठरवून फी घेता येत नाही. अशिलाच्या पैशाचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. फी बाकी आहे म्हणून अशिलाचे कागद अडवून धरता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरविले आहे. गरीब माणूस वकिलापुढे बसतो तेव्हा आपली अब्रू, आपले घर त्याच्या हवाली करीत असतो. ती अमानत आहे, हे मुलाने विसरू नये.

राहिले अभिरूप न्यायालय आणि उमेदवारी. विद्यार्थ्याने तीन लुटुपुटीचे खटले चालवावयाचे, एक दिवाणी व एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बसून पाहावयाचा, अशिलाची मुलाखत कशी घेतात ते पाहून रोजनिशी लिहावयाची. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान बारा आठवड्यांची उमेदवारी असते, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस. नात्यातल्या कोणाकडून सहीशिक्क्याचा कागद आणून हे आठवडे “पूर्ण” करू नका. सकाळी साडेदहाला न्यायालयात जाऊन बसा. उलटतपासणीत चांगला वकील कोणता प्रश्न विचारतो याहून, कोणता विचारत नाही, ते पाहा. ते पुस्तकात मिळत नाही.

पालकांना शेवटी तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली खर्चाची. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने वकील म्हणून नोंदणी करण्याची फी कायद्यात लिहिलेल्या रकमेवर आणली. सर्वसाधारण उमेदवाराला ती ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये. हजारोंची फी भरावी लागेल या धास्तीने मुलाला मागे खेचू नका. दुसरी गोष्ट परीक्षेची. वकिली करण्यासाठी अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ती २०११ पासून घेतली जाते, आणि अखेरच्या सत्रातील विद्यार्थ्यांनाही तिला बसू द्यावे, असे न्यायालयाने सांगितले आहे. तिच्यातील बराच भाग याच शेवटच्या विषयांचा आहे.

तिसरी गोष्ट मुलींची, आणि ती मी मनापासून सांगतो. चांगले स्थळ आले म्हणून पाचव्या सत्रात मुलीचे शिक्षण थांबविले, तर तिने हक्क शिकलेले असतात, पण ते मिळवून देण्याची विद्या हातची जाते. न्यायमूर्ती फातिमा बीवी १९५० साली केरळात वकील झाल्या आणि १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. सगळ्याच मुली तेथवर जाणार नाहीत. पण आपल्या बहिणीचा हिस्सा, शेजारणीची पोटगी, मोहल्ल्यातील एखाद्या पोराचा जामीन, यांसाठी उभी राहणारी एक मुलगी प्रत्येक वस्तीत हवी. तिला ते शेवटचे वर्ष पूर्ण करू द्या. सासरच्या मंडळींशी बोलणी करताना इतर अटींबरोबर हीही अट ठेवा, आणि ती लिहून घ्या!

 शेवटच्या सत्रातील विद्यार्थ्यांना माझ्या शुभेच्छा. तीस मसुदे आहेत. आज रात्री पहिला लिहावयास घ्या.